सगळ्यांना आठ-आठ

परभणीत राहून मला सोळा वर्षं झाली, पण समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं अजून जमत नाही. परक्या गावात राहणाऱ्याला आपण इथे कुणाच्या तरी मेहेरबानीवर आहोत असं सारखं वाटत असतं. अशा माणसाने नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

मी कुडाळच्या पुढच्या एका वाडीतला. शाळा आठवीत सुटली. कुणी सोडवली नाही, माझीच सुटली. एका मे महिन्यात आंब्याच्या गाडीबरोबर पेट्या उतरवायला परभणीला आलो, इथे काविळीने पडलो आणि गाडी मला न घेताच परत गेली. ज्या दुकानासमोर आमच्या पेट्या लागायच्या, त्याच्या वरच्या मजल्यावर मॅडमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. ना ओळख ना पाळख, पण त्यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पंधरा दिवस घरून मऊ भात पाठवला. बरा झालो तसा मी त्यांच्या सेंटरमध्ये झाडू मारायला लागलो. मग पाणी भरणं, मग झेरॉक्स, मग स्कॅनिंग, मग फॉर्म. आज माझ्याकडे स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला नाही आणि दिवसभर मी दुसऱ्यांचे दाखले स्कॅन करतो. मॅडमचे उपकार मी रोज एकदा तरी मनात म्हणतो. सेंटरचं कुलूप रोज तीनदा ओढून बघतो तेही त्यापोटीच. आपल्या हातून त्यांचं काही बिघडू नये, एवढीच धास्ती.

तर त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. त्याआधी आमची मागची खोली सांगायला हवी.

सेंटरच्या पुढच्या खोलीत दहा पडदे आहेत आणि दहा कीबोर्ड. पण कॉम्प्युटर म्हणाल तर एकच. तो मागच्या खोलीत कूलरसमोर लोखंडी रॅकवर घुमत असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. मॅडमनी तो एका बंद झालेल्या ऑफिसातून जुना विकत आणला. त्याच्या आत आठ कोर आहेत. कोर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग. मी आपला हात म्हणतो. त्या आठ हातांवर दहा आभासी मशीनं चालतात, एकेका पडद्यामागे एक. समोर बसलेल्याला वाटतं, हा माझा वेगळा कॉम्प्युटर. कोणत्या मशीनला किती कोर द्यायचे, ते मागच्या खोलीतल्या पडद्यावर ठरवता येतं.

मॅडमनी प्रत्येकाला दोन दिले होते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी घाबरत घाबरत म्हटलं, "मॅडम, दहा दुणे वीस होतात. हात तर आठच."

त्या हसल्या. "अरे, लग्नात दहा पंगती असतात आणि वाढपी आठ. सगळ्या पंगतींना एकाच क्षणी वरण लागत नाही ना? भागतं."

"आणि एखाद्या पंगतीला आठही दिले तर?"

"मग ती पंगत म्हणणार, आठही जण एकदम आल्याशिवाय आम्ही पान पुढे करणार नाही. ते मोकळे होईपर्यंत ती नुसती बसणार, आणि आले की बाकीच्यांना उपाशी बसवणार. आपला सर्व्हर जुना आहे, त्याला हे झेपत नाही. दोनच. कुणी कितीही म्हणू दे."

मी मान हलवली. कळलं होतं मला. आजही मला कुणी म्हणालं की तुला कळलं नसेल, तर मी ते मानणार नाही. कळलं होतं.

त्या दिवशी मॅडम नांदेडला होत्या. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना म्हणाल्या, "काही अडलं तर फोन कर." आणि नेमका त्याच दिवशी नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी होती, कॉलेजांची पसंती संध्याकाळी पाचच्या आत भरून लॉक करायची होती. एका भरतीच्या अर्जाचीही तीच तारीख. सकाळी शटर वर केलं तेव्हा जिन्यावर माणसं बसलेली होती.

सुरुवात तीन नंबरच्या मशीनवरून झाली. तिथे एक काका बसले होते, कधीकाळी कुठल्या तरी गावाचे सरपंच होते, पुतण्याचा भरतीचा अर्ज भरून घ्यायला आले होते. मला ते हापूस म्हणतात.

"काय हापूस, ह्ये काय करायलंय तुझं मशीन? मघापून नुसती चकरी फिरायलीय."

"साइटवर गर्दी आहे, काका."

"साइटला कामून नाव ठिवायलास? मागच्या खोलीत मशीन पळवायची कळ हाय म्हनं. मॅडम करत्यात की. का तुला येत न्हाई?"

शेवटचं वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. दोघंतिघं हसले. मी म्हणालो, "येतं, पण दोन मिनिटं मशीन बंद करावं लागेल."

"कर की बाबा. दोन मिनिटात काय आमी म्हातारे व्हायलोत का?"

मी मागे गेलो. तीन नंबर बंद केलं, कोरच्या चौकटीत दोन होते तिथे यादी उघडली. यादीत सगळ्यात खाली आठ. मी आठ दाबलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. चार का नाही दाबलं, सहा का नाही? आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात वाढताना अर्धी पळी वाढत नाहीत. द्यायचंच तर भरून द्यायचं, असा माझा हात आहे.

तेव्हा अकरा वाजले असतील, निम्मी मशीनं रिकामी होती, त्यामुळे तीन नंबर खरंच पळायला लागलं.

"आरं तिच्या! बगा की ह्ये!" काका ओरडले. आणि मग सुरू झालं.

दोन नंबरवरच्या अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "दादा, आमी काय घोडं मारलंय? आमचं बी तसंच करा की."

पाच नंबरवरचा भरतीवाला पोरगा म्हणाला, "भाऊ, गरिबाकडं बी बगा."

एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे मला कसं जमावं? एकजण गेला की दुसरा बसायचा, आणि बसतानाच म्हणायचा, "ते पळवायचं राहिलं बरं का आमचं." दुपारी एकपर्यंत दहापैकी नऊ मशीनांना मी आठ-आठ कोर देऊन मोकळा झालो होतो. सात नंबर तेवढं राहिलं, कारण तिथे पंख्याचा वारा लागत नाही म्हणून कुणी बसलंच नव्हतं. खरं सांगतो, त्या दोन तासांत मला फार बरं वाटत होतं. काकांनी खालून माझ्यासाठी चहा मागवला. चारचौघांत कुणी माझ्यासाठी चहा मागवावा, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

ती मुलगी अडीचच्या सुमारास आली. पेडगावच्या बाजूची. बरोबर वडील, डोक्याला पटका, हातात साधा बटणांचा फोन. मेंढ्या भावाकडे सोपवून आले होते. ते आत आलेच नाहीत. वहाणा काढून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. मुलगी सात नंबरवर बसली. वहीत तिने कॉलेजांची नावं आणि त्यांचे कोड नंबर सुबक अक्षरात उतरवून आणले होते.

"सर, एवढं एकदा बघता का? बरोबर हाय का माझं?"

मला सर म्हणणारी ती पहिलीच. मी वही बघितली. सगळं बरोबर होतं. मी विचारलं, "मागच्या फेरीला का नाही आलात?"

"तवा लांब होतो, मेंढरांसंगं. आबांनी आता कुठं हो म्हणलंय." मग ती हळूच म्हणाली, "औंदा नंबर लागला तर पाठिवतो म्हणलेत. न्हाई लागला तर दिवाळीनंतर मी बी मेंढरांमागं. आमच्यात कुनी बारावी केलेली न्हाई सर, पुन्हा पुन्हा कोन थांबंल?"

"लागेल," मी म्हणालो. तिचे मार्क चांगले होते. लागला असता.

तिने मशीन पळवायचं काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तीनच्या पुढे दहाही मशीनांवर माणसं बसली, आणि सगळी एकदम काम करायला लागली. आधी माऊस अडखळायला लागला. मग अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत मनात पाच मोजून व्हायचे. मग दहा. "साइट झोपली," कुणीतरी म्हणालं. "साइटच झोपली," सगळे म्हणायला लागले. मी मागच्या खोलीत गेलो. आमच्या पडद्यावर प्रत्येक मशीनसमोर एक आकडा असतो, ते मशीन कोरची वाट बघत किती खोळंबलं आहे तो. एरवी तो इतका लहान असतो की मी त्याच्याकडे बघतही नाही. तो चढत होता. दहाही ओळींत चढत होता. साइट जागीच होती. आमच्या पंगती आठही वाढप्यांची वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांना तसं बसवलं होतं मी.

उपाय मला माहीत होता: परत दोन-दोन करायचे. पण त्यासाठी मशीन बंद करावं लागतं, आणि आता प्रत्येक मशीनवर कुणाचा तरी अर्धा भरलेला फॉर्म होता.

बाहेर येऊन मी म्हणालो, "एकेक मशीन दोन मिनिटं बंद करतो. सगळ्यांचं चांगलं चालेल मग. कोण उठतं?"

कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काका, तुम्ही?"

"येडा का खुळा? फोटो चढायलाय आता. घरून मागवलेला, मघा आलाय."

"बाई, तुमचं?"

"दादा, ह्या दुसऱ्या अर्जाची सगळी माहिती पुन्यांदा भरू का मी? सकाळी तुमीच म्हणलात ना, आता पळंल?"

"पण मीच चुकलोय. मीच जास्त दिले म्हणून..."

"दिलेलं काढून घेतोस का, हापूस?" काका म्हणाले, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

एक नंबरवरच्या आजोबांचं काम झालं होतं, तेवढे उठले. ते मशीन मी बंद करून दोनवर आणलं. ते बंद व्हायलाच नऊ मिनिटं गेली, कारण बंद होण्यासाठीही त्याला हात हवे होते आणि हात मोकळे नव्हते. मॅडमना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. नंतर कळलं, फोन त्यांच्या पर्समध्ये होता आणि पर्स भावाकडे, दवाखान्याच्या बाहेर.

सात नंबरवर मुलगी शांत बसली होती. पसंतीची यादी भरून झाली होती. फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. ते दाबलं की वडिलांच्या फोनवर सहा आकडे यायचे आणि ठराविक वेळात ते पडद्यावर टाकायचे. सव्वाचारला तिने बटण दाबलं. बाहेर फोन वाजला. वडील धावत दारात आले, फोन दोन्ही हातांत धरून, जणू त्यातून काही सांडेल. मी आकडे वाचले, तिने टाकले. एकेक आकडा उमटायला इतका वेळ लागला की सहावा उमटला तेव्हा पडद्यावर आलं, मुदत संपली.

"पुन्हा करू," मी म्हणालो.

पुन्हा केलं. पुन्हा मुदत संपली.

मी माझ्या मोबाईलवर तिचं खातं उघडून बघितलं. ते म्हणे दुसरीकडे चालू आहे, आधी तिथून बाहेर पडा. मी बाहेर पडायचं बटण दाबलं. चकरी फिरत राहिली. तिला सेंटर सोडून दुसरीकडे न्यावं तरी तीच अडचण, खातं इथे अडकलेलं.

मग मी मागे गेलो आणि पाच नंबरची ओळ निवडली. तिथे जबरदस्तीने बंद करायचं बटण आहे, कुणाला न विचारता. दाबलं की आठ हात सुटणार. पण पाच नंबरवर तो भरतीचा पोरगा होता. त्याचीही तारीख आजच. मी चार नंबर निवडलं. तिथे दुसरी एक नर्सिंगवालीच मुलगी होती, आईला घेऊन आलेली. तीन नंबरचे काका निवडले, तर त्यांचं नुकसान होईल ते पुतण्याचं, आणि त्या पुतण्याला तर मी बघितलेलंही नाही. मी माऊस धरून उभा होतो. कूलर घरघरत होता. एकेका ओळीवर जायचो आणि तिथल्या माणसाचा चेहरा समोर यायचा. माझ्यासारख्या आठवीवाल्याने कुणाचं वर्ष कापायचं ते ठरवायचं होतं, आणि मी ते ठरवू शकलो नाही. आत किती वेळ होतो कोण जाणे. बाहेरून आवाज आला, "सर!"

पाचला चार मिनिटं होती. तिसऱ्यांदा आकडे आले होते. ती टाकत होती. चार उमटले. पाचवा उमटला. वडील माझ्या शेजारी फोन तसाच धरून उभे. सहावा उमटला, बटण दाबलं गेलं, पान पांढरं झालं. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पानाकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्यावर ओळ आली, की पसंती भरण्याची वेळ संपली आहे.

तिने वही बंद केली आणि खुर्ची जागेवर सरकवली. आमच्याकडे येणारे खुर्ची कधी सरकवत नाहीत.

वडील म्हणाले, "तुमी लय केलं भाऊ. साइटच बसली, त्याला तुमी तरी काय करनार?" आणि त्यांनी मला हात जोडले.

तेव्हा सांगायला हवं होतं. मीही नुसते हात जोडले. ते जिना उतरून गेले.

त्या दिवशी आणखी कुणाकुणाचं राहिलं असेल. भरतीच्या पोराचं झालं, काकांच्या पुतण्याचं झालं, चार नंबरवालीचंही शेवटच्या क्षणी झालं. सात नंबरचंच का राहिलं, ते मला दुसऱ्या दिवशी मॅडम आल्यावर कळलं. मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी मागच्या खोलीत पडदा उघडला आणि मी कधी न उघडलेलं एक पान दाखवलं. गर्दी झाली की कुणाचा वाटा किती, ते सर्व्हर तिथे ठरवतो. मुद्दाम बदललं नाही तर ज्याला जास्त कोर त्याला जास्त वाटा. आठवाल्यांना दोनवालीच्या चौपट.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या. शेजारीच मर्यादेची चौकट होती. चालू मशीनला तिथे आकडा टाकला की ते तेवढंच खातं. बंद करावं लागत नाही. कुणाला उठवावं लागत नाही. नऊ चौकटी भरायच्या, पाच मिनिटांचं काम.

मॅडम म्हणाल्या, "मी तुला हे शिकवलंच नव्हतं. माझीच चूक." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला काढून टाकलं असतं तरी समजलं असतं. त्यांनी मला शेजारी बसवून ते पान पहिल्यापासून शिकवलं.

मला झोप लागेना. रविवारी बस धरून पेडगावला गेलो. विचारत विचारत त्यांचा मेंढ्यांचा वाडा सापडला, गावाबाहेर माळाला, काट्यांचं कुंपण. वडिलांनी मला ओळखलं. घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका. आणि मुलगी चुलीपाशी बसलेली असताना मी सगळं सांगितलं. साइट बसली नव्हती. माझ्यामुळे झालं. ज्यांनी मागितलं त्यांना मी आठ-आठ दिले, म्हणून सगळं अडकलं, आणि अडकलेलं कसं सोडवायचं ते मला येत नव्हतं.

वडिलांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे साइट न्हवती."

"नाही."

"मला वाटलं, नशीबच तसं." ते उठले आणि मेंढ्यांकडे जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून.

मुलीने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. तिने विचारलं, "माझ्या मशीनला किती होते, सर?"

"दोन."

"बाकीच्यांनी मागितले म्हणून त्यांना आठ?"

"हो."

"मी मागितले असते तर मला बी दिले असते?"

खोटं बोलायला मी तिथवर गेलो नव्हतो. "दिले असते," मी म्हणालो.

तिने मान हलवली. वहीतलं एखादं गणित सुटल्यावर हलवावी तशी. "मंग मागायला पायजे होतं मी."

मी तिला समजावायला लागलो. म्हणालो, तसं नाही बाई, तू मागितले असतेस तर आणखीच अडकलं असतं, दोनच बरोबर होते, तू एकटीच बरोबर बसली होतीस. दहा पंगती, आठ वाढपी, सगळं सांगितलं. ती नीट ऐकत होती. मधेच म्हणाली, "चहा घ्या सर, गार व्हायलाय." मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो.